पिशवीतलं की पिशवीबाहेरचं

सात वर्षं मी एका एन्झाइमचा पत्ता शोधते आहे. ते पेशीत नेमकं कुठे राहतं, एवढाच प्रश्न. बुडालेलं जहाज शोधणाऱ्यांनासुद्धा इतकी वर्षं लागत नाहीत, आणि त्यांना अख्खा समुद्र धुंडाळायचा असतो. माझ्या एन्झाइमला राहायला जागा किती, तर उंदराच्या लिव्हरमधली एक पेशी. तरीही सोमवारी ते एका ठिकाणी सापडायचं आणि गुरुवारी दुसऱ्याच ठिकाणी. माणसानं डोकं आपटायचं तरी कुठे?

आता हे एन्झाइम करतं काय, ते सांगते, कारण घरी-दारी सगळे मला हेच विचारतात आणि उत्तराच्या मध्येच चहा गरम करायला उठून जातात. प्रत्येक पेशीत पॉलिअमाइन नावाचे बारके रेणू असतात. पेशीला वाढायला ते लागतात, पण जास्त झाले की जिवावर उठतात. म्हणून जास्तीचे मोडून टाकावे लागतात. मोडायचं काम माझ्या या एन्झाइमचं, पॉलिअमाइन ऑक्सिडेजचं. पण मोडताना ते हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर टाकतं, म्हणजे जखमेवर ओतलं की फसफसतं ते. एवढं जहाल पाणी पेशीत मोकळं सोडून कसं चालेल? म्हणून शरीरानं ते एका चिमुकल्या पिशवीत कोंडून ठेवलंय. तिला पेरॉक्सिझोम म्हणतात. त्याच पिशवीत कॅटलेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं तिथल्या तिथे साधं पाणी करून टाकतं. घाण करणारा आणि निस्तरणारा एकाच खोलीत. माझ्या घरी अशी सोय असती तर मी लग्न केलं असतं.

पुस्तकं म्हणतात, ते पिशवीतच राहतं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणतं, नाही, चाळीस टक्के पिशवीबाहेर, पेशीच्या उघड्या रसात राहतं. कुणी हसलं नाही, कारण त्याचा एक चुलतभाऊ, म्हणजे तसलंच दुसरं एन्झाइम, खरोखरच बाहेर हिंडत असतो. चुलतभावाला लागणारा खुराक मी नळीत घातलाच नव्हता, त्यामुळे मला सापडलेलं ते माझंच होतं, यात शंका नव्हती. हे चौथं प्रकरण माझ्या सात वर्षांतली एकमेव नवी गोष्ट. बाकीची प्रकरणं म्हणजे आधीच्या लोकांचंच पुन्हा दळलेलं पीठ. बाई, म्हणजे माझ्या गाईड, या प्रकरणावर इतक्या खूश होत्या की त्यांनी त्याचा लेख पाठवूनसुद्धा दिला होता, आणि तो छापायला मंजूरही झाला होता.

फक्त एक खोट होती. चाळीस टक्के ही सरासरी. एकेका दिवसाचा आकडा पाहिला तर कधी सात, कधी साठ.

"परीक्षक विचारणार," बाई म्हणाल्या. "एकाच जातीच्या उंदरांच्या लिव्हरमधून, एकाच पद्धतीनं काढलेलं, आणि एवढा फरक? एक शेवटचा प्रयोग कर. प्रयोगांसाठी मिळालेल्या परवानगीतला एक उंदीर उरलाय ना?"

उरला होता. एकच. आणि दिवसही पाचच उरले होते. शुक्रवारी प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती. दोन वेळा मुदत वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मागायची सोय नव्हती.

आकडे का हलतात याचा तपास मी वर्षभर करत होते. साखरेचं द्रावण बदलून पाहिलं. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून जड-हलकं वेगळं करणारं यंत्र, त्याचं थर्मामीटर बदलायला लावलं. शेजारच्या लॅबमधले लोक माझ्या आधी ते यंत्र वापरतात आणि झाकण उघडं टाकून जातात, म्हणून त्यांच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. ती त्यांनी शुद्धलेखन तपासून परत पाठवली. फ्रीजवर संशय घेतला, उंदरांच्या खाण्यावर घेतला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी अंगण सगळ्या बाजूंनी मोजून काढलं.

आता पद्धत. लिव्हरमधलं रक्त धुऊन काढायचं, मग ते लिव्हर बारीक चिरायचं, आणि जाड काचेच्या नळीत गार द्रावणात टाकायचं. त्या नळीत घट्ट बसणारा दांडा असतो. तो हातानं वर-खाली करायचा. आठ वेळा, सावकाश. म्हणजे पेशी फुटतात, पण पेशीतल्या पिशव्या शाबूत राहतात. मग तो काला सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की पिशव्या खाली बसतात आणि मोकळा रस वर राहतो. खालच्या थरात एन्झाइम सापडलं तर ते पिशवीतलं, वरच्या रसात सापडलं तर बाहेरचं. सगळं थंड खोलीत करायचं, चार डिग्रीत, स्वेटर घालून.

आणि मी थंड खोलीत शिरले की आईचा फोन येणार. रोज नाही. सकाळी फिरायला गेल्यावर ज्या दिवशी तिची ती मैत्रीण भेटते, त्या दिवशी.

त्या सोमवारीही भेटली होती.

"झालं का गं तुझं?" आई म्हणाली.

"शुक्रवारी देतेय, आई."

"मागच्या वर्षीही शुक्रवारच म्हणाली होतीस. तिच्या लेकीचं चार वर्षांत झालं. मध्ये बाळंतपणही उरकलं तिनं."

"आई, मी थंड खोलीत आहे."

"मग स्वेटर घाल की. सांगायला लागतं का आता या वयात?"

फोन मी खिशात कोंबला. नळी उचलली तर आतल्या बाजूला एक पांढरा ओघळ दिसला. झालं. मी नळी घेऊन तडक बाहेर आले. थंड खोलीला लागूनच काचसामान धुवायची खोली आहे, आणि मधे नुसती पत्र्याची भिंत. तिथे मामा असतात. आमच्या लॅबचे अटेंडंट. तीस वर्षं झाली, काच धुतात आणि उंदीर सांभाळतात. सगळेच त्यांना मामा म्हणतात, बाईसुद्धा.

"मामा, ही नळी धुतलीय की नुसती भिजवलीय?"

"धुतलीय ताई. तीन पाण्यांनी. शेवटचं डिस्टिल्ड."

"मग हा ओघळ कसला? साबण राहतोय यात! साबणानं पिशव्या फुटतात, माहितेय तुम्हाला? माझी सात वर्षं तुमच्या साबणात विरघळून गेली!"

हे मी ओरडून म्हटलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. आत्ता लिहितानाही लाज वाटते.

मामांनी नळी घेतली, खिडकीकडे धरली, आत बोट घालून पाहिलं.

"साबण नाही, ताई. ओरखडा आहे. दांडा जोरानं फिरवला की पडतो." त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली. "आज आईंचा फोन आला होता वाटतं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मला काय कळतंय तुमच्यातलं. पण फोन आला की आवाज निराळा येतो."

"कसला आवाज?"

"काचेचा. एरवी घुम्म, घुम्म, असा येतो. आठ वेळा. आठ झाले की तुम्ही रिकामी नळी धुवायला घेऊन बाहेर येता, म्हणून मी सहाव्याला गार पाण्याची बादली पुढे सरकवून ठेवतो. काही दिवस मी बादली सरकवतो आणि तुम्ही येतच नाही. कर्र कर्र चालूच. चौदा. सोळा. एकदा बावीस मोजले मी."

"शक्यच नाही. मी आठच करते. वहीत लिहिलेलं असतं."

"हो, वहीत आठच असतं," मामा म्हणाले. "मी टेबल पुसताना बघतो की."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. टोमणा नव्हता.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, त्या दिवशी तसंच लागत असेल."

मी बाहेर पडले. त्या दिवशी उंदराला हात लावला नाही. जिन्यात बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर मला मामांचा भयंकर राग आला होता. मग आईचा, मग मैत्रिणीच्या लेकीचा, मग तिच्या बाळाचासुद्धा. फार वेळानं, सगळी माणसं संपल्यावर, माझ्या लक्षात आलं की रागानं माझ्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती. दांडा धरल्यासारखी.

आता एक गोष्ट जाणकार विचारेल. पिशव्या फुटल्या तर ते कळायला नको का? कळतं. कॅटलेज मोजलं की कळतं. ते पक्कं पिशवीतलं, तेव्हा वरच्या रसात ते ढिगानं सापडलं तर समजायचं की पिशवी आपणच फोडली. आमच्या लॅबचा रिवाज असा की उंदरांची नवी खेप आली की पहिल्या प्रयोगाला कॅटलेज मोजायचं, ते ठीक आलं की उरलेल्या खेपेला मोजत बसायचं नाही. एक दिवस वाचतो. आणि नव्या खेपेचा पहिला दिवस म्हणजे नवी वही, पुसलेलं टेबल, आणि माझं मन प्रसन्न. त्या दिवशी कॅटलेज नेहमी खालीच सापडायचं. पुढचे चार दिवस मी कुणाकुणावर चिडायची, ते कुणी मोजलं नव्हतं. मामांनी सोडून.

जुन्या प्रयोगांचे वरचे रस फ्रीजरमध्ये होते. मंगळवारी मी मागच्या वर्षीच्या अकरा नळ्या बाहेर काढल्या, ओळीत लावल्या आणि प्रत्येकीतला थेंबभर रस काचेवर घेऊन त्यावर पेरॉक्साइड सोडलं. कॅटलेज असेल तर फेस येतो, इतकं सोपं. थोडे बुडबुडे सगळीकडेच आले, तेवढे येतातच. पण पाच थेंब असे फसफसले की काचेवरून ओघळून टेबलावर गेले. या पाचांत एन्झाइमही साठच्या आसपास "बाहेर" सापडलं होतं. उरलेल्या सहांत दहाच्या खाली.

मग मी फोन उघडला आणि आईच्या कॉलच्या तारखा काढल्या. पाचांतल्या चार दिवशी सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान आईचा फोन होता. पाचव्या दिवशी नव्हता. तो कुठला दिवस, म्हणून वही पाहिली. शेजारच्यांनी माझी चिठ्ठी शुद्धलेखन तपासून परत पाठवली, तो दिवस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी यंत्राचं थर्मामीटर बदलायला लावत होते.

थेंबावरचा फेस हा काही पुरावा नव्हे, म्हणून दिवसभर बसून अकरांचंही कॅटलेज रीतसर मोजलं. तेच आलं. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, शेवटचा उंदीर आहे ना, त्यावर बघू. कदाचित शांत हातानंही चाळीस येतील. माणूस बुडताना किती गोष्टींना हात घालतो.

बुधवारी मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे, ताई. बाई तर तरुणपणी चंचुपात्र फेकायच्या." मग मी त्यांना थंड खोलीत माझ्या शेजारी उभं केलं, त्यांच्या अंगावर माझा जादा स्वेटर चढवला, आणि म्हटलं, मोठ्यानं मोजा. फोन धुवायच्या खोलीत ठेवला होता.

"एक," मामा म्हणाले. "दोन. सावकाश, ताई. तीन."

पत्र्यापलीकडे फोन वाजायला लागला. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. मला माझा हात दिसत होता. नुसत्या त्या आवाजानं मनगटाची शीर वर आली, दांडा काचेला घासला आणि कर्र असा आवाज झाला. सात वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. मामा इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते, आणि मी, जिच्या हातात तो दांडा होता, मी कधीच ऐकला नव्हता.

मी दांड्यावरचा हात काढला. फोन वाजून वाजून थांबला. मामा बर्फाचं भांडं नळीखाली जरा वर धरून उभे राहिले. पुरता श्वास खाली बसल्यावर मी पुन्हा हात लावला.

"चार," मामा म्हणाले.

आठाला थांबले. हात अजून चार वेळा तरी फिरवायला शिवशिवत होता. काला मला ओबडधोबड वाटत होता, अर्धवट वाटत होता. म्हणजे एरवी मला जो छान, गुळगुळीत वाटायचा, तो कसला असायचा, ते तिथेच कळलं.

गुरुवारी दुपारी आकडा आला. वरच्या रसात पाच टक्के. कॅटलेजही तेवढंच. बाकीचं सगळं खाली, पिशवीत, पुस्तकात लिहिलंय तिथे. सात वर्षं शोधलेला पत्ता आधीच छापलेला होता, आणि माझी सगळी नवी गोष्ट म्हणजे आईचे फोन.

शुक्रवारी सकाळी, आधीच छापायला दिलेल्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधून माझ्या टेबलावर आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. शेवटचा प्रयोग लिहिलाच पाहिजे, असं कुणी म्हटलं नव्हतं. एक पाच टक्क्यांचा दिवस सरासरीत मिसळला तर चाळीसाचे एकोणचाळीस झाले असते. मामा कुणाला सांगणारे नव्हते. फ्रीजरमधल्या नळ्या पुढच्या साफसफाईत गेल्याच असत्या. दुपारी दोनपर्यंत प्रती कार्यालयात दिल्या की मी मोकळी. आईला फोन करून सांगायचं वाक्यसुद्धा मी मनात तयार केलं होतं, आणि ते वाक्य मला फार हवं होतं.

मी वही घेऊन बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, चौथं प्रकरण खोटं आहे. एन्झाइम बाहेर नव्हतं. मी पिशव्या फोडून ते बाहेर काढत होते."

सगळं सांगितलं. कॅटलेज, तारखा, मामा, आठ आणि बावीस. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आकडे दोनदा पाहिले.

"लेख मंजूर झालाय," त्या म्हणाल्या. "माझं नाव आहे त्याच्यावर."

"हो."

"मला आता पत्र लिहून तो मागे घ्यावा लागेल. या वयात." त्यांचा आवाज चढला. "आणि कॅटलेज रोज मोजायचं नाही, हा रिवाज कुणी पाडला? मीच पाडला! एक दिवस वाचतो म्हणून!" त्यांनी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा आडवा झाला. थोडा वेळ आम्ही दोघी घरंगळणाऱ्या पेनांकडे बघत राहिलो.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नसतंच."

"दोन वाजता डिग्री तुझ्या हातात होती. मग आलीस कशाला?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. तोंडातून आलं ते आलं.

"बाई, हा लेख वाचून कुणीतरी हाच प्रयोग करेल. माझ्यापेक्षा शांत हाताचं कुणीतरी. त्याला बाहेर काही सापडणार नाही. आणि त्याला वाटेल, आपलंच चुकतंय. तो द्रावण बदलेल, यंत्र बदलेल, अंगण मोजत बसेल. बरोबर असून. मी चुकीची असून माझे इतके हाल झाले."

बाईंनी पेनं गोळा करून डब्यात ठेवली.

"नव्यानं नोंदणी करावी लागेल," मग त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तरी."

"करते."

"आणि रोज कॅटलेज. रोज म्हणजे रोज."

"हो."

"जा. वह्या आधी दुरुस्त कर. एकेरी रेघ मार, खालचं वाचता यायला हवं."

सात वर्षांच्या नऊ वह्या मी धुवायच्या खोलीतल्या टेबलावर मांडल्या, कारण तिथे मामा होते आणि मला एकटीनं बसवेना. बुधवारचा सोडून त्रेचाळीस प्रयोग. प्रत्येक पानावर माझ्याच ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, फेऱ्या: आठ. काही दिवशी ते खरंही असेल. कुठल्या, ते मला सांगता येत नव्हतं. पहिल्या पानावर मी आठाच्या अंगावरून एक रेघ ओढली. शेजारी खरा आकडा लिहायचा तर तो माझ्याकडे नव्हता. मामांनी अधूनमधून मोजलेला त्यांच्या डोक्यात होता, पण तारखांशिवाय. मग मी लिहिलं, माहीत नाही. दुसऱ्या पानावर, माहीत नाही. तिसऱ्या पानावर, माहीत नाही. एक वाजला, दोन वाजले, कार्यालय बंद झालं. विसाव्या पानाच्या आसपास मला रडू आलं. ते रागाचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. हात थांबवला नाही, अक्षरही बिघडू दिलं नाही, आणि त्रेचाळीसही ठिकाणी लिहून झाल्यावर तारीख टाकून सही केली.